लिम्फोसाइट वाढलेत, फ्लो पाठवायचाय: सांगली-मिरजेच्या लॅबमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) झालं, विट्याला, तासगावला किंवा सांगलीतच एखाद्या लॅबमध्ये नोकरी लागली, की पहिले काही महिने शुगर, थायरॉइड आणि पावसाळ्यात डेंग्यू यांतच जातात. मग एखाद्या सकाळी सीबीसीच्या मशीनमधून पांढऱ्या पेशी ३८,००० असा कागद बाहेर येतो. पेशंट पासष्टीचा, ताप नाही, खोकला नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासायला आलेला. डॉक्टर फोनवर म्हणतात, "फ्लो पाठवा." हा लेख त्या सकाळसाठी आहे.

फ्लो म्हणजे फ्लो सायटोमेट्री, पेशींची जात ओळखणारी तपासणी. तिचं मशीन लहान लॅबमध्ये नसतं. सॅम्पल बहुतेक वेळा पुण्या-मुंबईला जातं. त्यामुळे नवीन मुला-मुलींना वाटतं, आपलं काम रक्त काढायचं, डबा बंद करायचा, संपलं. तसं नाही. या चाचणीचा निकाल चांगला येणार की वाया जाणार हे बरंचसं आपल्याच टेबलावर ठरतं. आपण मोजलेला काउंट, आपण लावलेली स्लाइड आणि आपण भरलेला बल्ब (रक्ताची ट्यूब) धड नसेल, तर तिकडचं महागडं मशीनही काही करू शकत नाही.

चाचणी नेमकं काय करते

लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, त्यात बी आणि टी अशा जाती. मायक्रोस्कोपखाली सगळे लहान लिम्फोसाइट जवळपास सारखेच दिसतात. बी कुठला, टी कुठला, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. पण प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर वेगवेगळी प्रथिनं असतात. त्या प्रथिनांना काय चिकटतं आणि काय चिकटत नाही, यावरून पेशीची जात ओळखायची, एवढाच या सगळ्या चाचण्यांचा पाया.

१९७०च्या दशकात हे काम प्राण्यांच्या लाल पेशींवर चालायचं. माणसाच्या टी लिम्फोसाइटला मेंढीच्या लाल पेशी चिकटतात. आणि सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, या रक्ताच्या कॅन्सरमधल्या बी पेशींना उंदराच्या लाल पेशी चिकटतात. पद्धत अशी: फायकॉलवर, म्हणजे १.०७७ घनतेच्या द्रावणावर, रक्त अलगद सोडून सेंट्रिफ्यूज करायचं, मधला पांढरा थर पिपेटने उचलायचा, धुवायचा, त्यात प्राण्याच्या लाल पेशी मिसळायच्या, हळू फिरवायचं आणि थंडीत ठेवायचं. मग काउंटिंग चेंबरमध्ये एक-एक लिम्फोसाइट बघायचा. ज्याच्याभोवती तीन किंवा जास्त लाल पेशी चिकटलेल्या, तो रोझेट म्हणून मोजायचा. उंदराच्या पेशींचे रोझेट भरपूर निघाले, तर सीएलएलच्या बाजूने मत झुकायचं. हेअरी सेल किंवा प्रोलिम्फोसायटिक या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियात ते सहसा कमी निघायचे.

आज ही चाचणी कुणी करत नाही. तरी ती समजून घ्या, कारण फ्लोमध्ये तत्त्व तेच आहे, चिकटणारी वस्तू तेवढी बदलली. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रथिनाला धरणाऱ्या मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवण्याची रीत दाखवली. १९८४ मध्ये त्यांना येर्न यांच्यासह नोबेल मिळालं. १९८२ मध्ये पॅरिसच्या बैठकीपासून या प्रथिनांना सीडी१९, सीडी२० असे सीडी क्रमांक मिळू लागले. आता उंदराच्या लाल पेशीऐवजी चमकणारा रंग जोडलेली अँटिबॉडी पेशीला चिकटते, आणि लेझरसमोरून एकेक पेशी जाताना ती चमक मशीन मोजतं. चेंबरमध्ये शे-दोनशे पेशी मोजणाऱ्या माणसाच्या जागी आता काही मिनिटांत हजारो पेशी मोजणारं यंत्र आहे.

पहिली पायरी: आकड्यावर थांबा

टक्केवारी बघून घाबरू नका आणि टक्केवारी बघून निश्चिंतही होऊ नका. लिम्फोसाइट ७० टक्के, पण एकूण काउंट ४,०००, तर मूळ संख्या २,८०० होते, ती नॉर्मल आहे. काउंट ३८,००० आणि लिम्फोसाइट ८५ टक्के असतील, तर ३२,३०० होतात. कागदावर हा आकडा हाताने लिहा, छापील रिपोर्टमध्ये येत नसेल तर मुद्दाम लिहा. सीएलएल म्हणायला रक्तात एकाच वंशाच्या बी पेशी एका मायक्रोलिटरमध्ये ५,००० किंवा त्याहून जास्त, आणि त्या किमान तीन महिने टिकलेल्या हव्यात. यातल्या 'बी' या अक्षरावर लक्ष द्या. सीबीसी सगळे लिम्फोसाइट मोजतो. त्यात बी किती ते फ्लोच सांगतो.

आपल्याकडे थ्री-पार्ट मशीनं अजून खूप आहेत. ती पेशी आकारावरून वाटून टाकतात. लहान आकाराचे ब्लास्ट (ल्युकेमियातल्या अपरिपक्व पेशी) सुद्धा ती बिनदिक्कत लिम्फोसाइटच्या खात्यात टाकतात. 'लिम्फोसाइट ९० टक्के' असा कागद आला आणि तुम्ही स्लाइड न बघता पुढे पाठवला, तर त्या कागदामागे अक्यूट ल्युकेमिया असू शकतो, आणि तिथे एकेका दिवसाचं महत्त्व असतं. म्हणून काउंट असा वेडावाकडा आला की स्लाइड बघितल्याशिवाय रिपोर्ट सोडायचा नाही. काउंट फारच चढा असेल तर मशीनच्या मर्यादेत बसतोय ना ते बघा, डायल्यूट करून पुन्हा लावा. पांढऱ्या पेशींच्या गढूळपणामुळे हिमोग्लोबिनही खोटं जास्त येतं, तेही ध्यानात ठेवा.

दुसरी पायरी: स्लाइड

रक्त काढल्यावर लवकरात लवकर, शक्यतो दोन-तीन तासांच्या आत स्लाइड करा. दुपारपर्यंत बल्ब पडून राहिला आणि मग स्लाइड केली, तर पेशी फुगतात, न्यूक्लियसचा बारकावा जातो. रंग लीशमनचा असेल तर ६.८ पीएचचं बफर वापरा. नळाच्या पाण्याने स्लाइड निळीकाळी होते, आणि नेमका इथेच रंग निर्मळ हवा असतो.

सीएलएलची स्लाइड एकदा नीट बघितली की विसरत नाही. लिम्फोसाइट लहान, एकसारखे, सायटोप्लाझमची बारीकशी कडा, आणि न्यूक्लियसमधलं क्रोमॅटिन मे महिन्यात तडे गेलेल्या काळ्या रानासारखं, ढेकळं वेगळी आणि मध्ये फटी. डेंग्यू किंवा दुसऱ्या व्हायरल तापात असा एकसारखेपणा नसतो. तिथे एक पेशी मोठी, एक लहान, काहींची कडा गडद निळी, काहींची लाल पेशींना बिलगलेली. पावसाळ्यात हा फरक ओळखता आला नाही, तर पंचवीस वर्षांच्या तापाच्या पेशंटला उगाच फ्लोचा खर्च पडतो. उलट, ताप नसलेल्या साठीच्या माणसात पेशी एकसारख्या दिसल्या, तर 'व्हायरल असेल' म्हणून सोडून द्यायचं नाही.

आणखी एक खूण म्हणजे स्मज सेल. या आजारातले लिम्फोसाइट नाजूक असतात. स्लाइड ओढतानाच फुटतात आणि न्यूक्लियसचे पसरट डाग उरतात. नवीन माणूस त्यांना घाण समजून सोडून देतो, नाहीतर स्लाइड बिघडली म्हणून फेकून देतो. फेकू नका. रिपोर्टवर 'स्मज सेल दिसतात' असं लिहा. आणि मोजणी नीट व्हावी म्हणून दुसरी स्लाइड करा: ब्लड बँकेत वापरतात ते २२ टक्के बोव्हाइन अल्ब्युमिन, चार-पाच थेंब रक्ताला एक थेंब, वेगळ्या छोट्या ट्यूबमध्ये मिसळून. मूळ बल्बमध्ये काहीही घालायचं नाही. अल्ब्युमिनच्या स्लाइडवर पेशी शाबूत राहतात. डिफरन्शियल (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची मोजणी) तिच्यावर करा, कारण साध्या स्लाइडवर फुटलेले लिम्फोसाइट हिशेबातून गळतात आणि न्यूट्रोफिल उगाच जास्त दिसतात.

याच नाजूकपणामुळे पोटॅशियमही फसवतं. काउंट लाखाच्या आसपास असलेल्या पेशंटचं पोटॅशियम ७ आलं आणि पेशंट मात्र समोर चहा पीत बसलाय, तर पेशी बल्बमध्ये फुटल्याची शंका घ्या. टूर्निकेट फार वेळ न बांधता, मूठ आवळायला न लावता पुन्हा सॅम्पल काढा, लगेच लावा. पण डॉक्टरांना फोन आधी करा, कारण ते खरं असण्याचीही शक्यता असते.

स्लाइडवर लाल पेशींकडेही बघायचं राहून जातं. मधला फिका भाग नसलेल्या लहान, गच्च भरलेल्या लाल पेशी दिसल्या आणि हिमोग्लोबिन उतरलेलं असेल, तर डायरेक्ट कूम्ब्स सुचवा. सीएलएलच्या काही पेशंटमध्ये शरीर स्वतःच्याच लाल पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. कूम्ब्स हीसुद्धा चिकटलेलं शोधणारीच चाचणी आहे, आणि तिच्यासाठी पुण्याला जावं लागत नाही. सोबत रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या लाल पेशींचा, काउंट करा.

फ्लो लागतो का, हे आधी ठरू द्या

क्रॉनिक ल्युकेमिया म्हटलं की सरसकट फ्लो, असा गैरसमज आहे. स्लाइडवर न्यूट्रोफिल, मायलोसाइट, बँड अशा सगळ्या पायऱ्यांच्या पेशींची गर्दी असेल, बेसोफिल वाढले असतील आणि प्लीहा मोठी असेल, तर संशय सीएमएलचा, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचा, आहे. तिथे पेशींवरच्या प्रथिनांनी निदान होत नाही. ९ आणि २२ क्रमांकाच्या क्रोमोसोममधल्या अदलाबदलीतून तयार झालेला बीसीआर-एबीएल हा जोडजनुक शोधावा लागतो. त्या बदलाची खूण असलेला फिलाडेल्फिया क्रोमोसोम १९६० मध्ये सापडला. त्याची पीसीआर तपासणी वेगळी, फॉर्म वेगळा. चुकीची चाचणी गेली तर जतच्या किंवा आटपाडीच्या शेतकऱ्याचे काही हजार रुपये आणि एक आठवडा हकनाक जातो. कुठली चाचणी पाठवायची ते पॅथॉलॉजिस्टच ठरवतील, पण स्लाइडवर काय दिसतंय हे त्यांना स्पष्ट सांगणं तुमच्या हातात आहे.

बल्ब, फॉर्म आणि रस्ता

फ्लोसाठी जांभळ्या टोपीचा ईडीटीए बल्ब, खुणेपर्यंत भरलेला, आठ-दहा वेळा अलगद उलटा-सुलटा केलेला. जोरात हलवायचा नाही. बारीकशी गुठळी झाली तरी तो बल्ब बाद समजा, काडीने गुठळी काढून पाठवू नका. क्रोमोसोमचं कॅरिओटाइपिंगही (त्यांची संख्या आणि रचना बघणारी तपासणी) सांगितलं असेल तर हिरव्या टोपीचा हेपॅरिन बल्ब वेगळा, कारण तिथे पेशी जिवंत ठेवून वाढवाव्या लागतात. सोबत न रंगवलेल्या दोन-तीन स्लाइड पाठवा. तिकडच्या माणसाला आपला काउंट आणि आपली स्लाइड मिळाली की तो आकडे डोळे मिटून वाचत नाही.

फॉर्मवर वय, सीबीसीचे आकडे, गाठी आहेत का, प्लीहा हाताला लागते का, आणि औषधं. औषधांचा रकाना रिकामा सोडू नका. रिटुक्सिमॅब हे सीडी२०लाच चिकटणारं औषध घेतलेल्या पेशंटमध्ये सीडी२० दिसतच नाही किंवा झाकलेलं राहतं. इब्रुटिनिब हे सीएलएलचं औषध सुरू केल्यावर काही काळ लिम्फोसाइट उलट वाढतात. हे तिकडे माहीत नसेल तर रिपोर्ट दिशाभूल करणारा येऊ शकतो. नावाचंही सांगतो: मिरजेला विजापूर, बेळगावकडचे पेशंट पूर्वीपासून येतात. कन्नड नाव आपण ऐकून लिहितो, फॉर्मवर एक आणि बल्बवर दुसरं होतं. आधार कार्ड समोर ठेवून एकदाच लिहा आणि तेच सगळीकडे उतरवा.

सॅम्पल खोलीच्या तापमानाला, १८ ते २५ अंशांत ठेवायचं, आणि २४ तासांत, फार तर ४८ तासांत मशीनवर लागायला हवं. फ्रीजरमध्ये कधीच नाही, बर्फाला चिकटवून नाही. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात 'खोलीचं तापमान' म्हणजे ३८-४० अंशही असतं, म्हणून थर्माकोलच्या डब्यात थंड जेलपॅक वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, बल्ब त्याला टेकू देऊ नका. डबा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला मला चालत नाही, ड्रायव्हरला हे तोंडी सांगा.

वार बघा. शुक्रवारी संध्याकाळी काढलेलं सॅम्पल शनिवारी पोहोचतं आणि कधीकधी सोमवारीच लागतं, तोवर पेशी मरू लागलेल्या असतात. मेलेल्या पेशींना अँटिबॉडी नको तिथे चिकटतात. सोमवार ते गुरुवारच्या मधे सॅम्पल काढा, किंवा रविवारी मशीन चालू आहे का ते फोन करून विचारा. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या आधी विचारून ठेवा. पावसाळ्यात तर सांगलीकर आयर्विन पुलाची पातळी विचारतोच, तुम्हीही विचारा. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं असेल आणि पेशंट स्थिर असेल, तर सॅम्पल काढण्याची घाई करू नका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात रस्ते बंद होते. डब्यात पडून खराब होण्यापेक्षा रक्त पेशंटच्या अंगात बरं, त्याला दुसऱ्यांदा सुई टोचावी लागत नाही.

तिकडे काय होतं, आणि रिपोर्ट कसा वाचायचा

संधी मिळाली तर एकदा प्रत्यक्ष बघून या. रक्तात अँटिबॉडी मिसळून अंधारात पंधरा-वीस मिनिटं ठेवतात, लाल पेशी फोडतात, धुतात, मशीनवर लावतात. यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक धुण्याचा टप्पा. प्रत्येक बी पेशी आपल्या पृष्ठभागावर कॅपा किंवा लॅम्डा, दोन्हींपैकी एकाच प्रकारची इम्युनोग्लोब्युलिनची (अँटिबॉडीची) साखळी बाळगते. निरोगी माणसात दोन्ही प्रकारच्या पेशी असतात, कॅपाच्या थोड्या जास्त. कॅन्सरमध्ये सगळ्या पेशी एकाच पेशीच्या वंशातल्या, म्हणून सगळ्या कॅपा किंवा सगळ्या लॅम्डा. हाच क्लोनचा पुरावा. पण रक्ताच्या प्लाझ्मात मोकळ्या इम्युनोग्लोब्युलिनमध्येही कॅपा-लॅम्डा भरपूर असतात. प्लाझ्मा न धुता अँटिबॉडी घातली, तर ती त्या मोकळ्या इम्युनोग्लोब्युलिनलाच चिकटून संपते आणि पेशी कोऱ्या दिसतात. म्हणून या ट्यूबसाठी अँटिबॉडी घालण्याआधीच रक्त सलाइनने दोन-तीनदा धुतात. त्यातून सीएलएलच्या पेशींवर ही साखळी मुळातच फिकी असते. धुण्यात हयगय झाली तर जो पुरावा हवा तोच हरवतो.

रिपोर्टमध्ये सीडी१९ म्हणजे बी पेशी. सीडी५ हे खरं तर टी पेशींचं प्रथिन, सीएलएलच्या बी पेशींवर ते असतं, पण टी पेशींपेक्षा फिकं. सीडी२३ असतं. सीडी२०, सीडी७९बी आणि पृष्ठभागावरची साखळी फिकी, एफएमसी७ ही आणखी एक खूण बहुधा नसते. १९९४ पासून वापरात असलेल्या मॅट्युटिस स्कोअरमध्ये पाच खुणांना एकेक गुण असतो: सीडी५ आहे, सीडी२३ आहे, एफएमसी७ नाही, साखळी फिकी, सीडी२२ किंवा सीडी७९बी फिकं. चार-पाच गुण आले तर सीएलएल, दोनपर्यंत असतील तर दुसरा काही लिम्फोमा (लिम्फोसाइटचा कॅन्सर) शोधायचा, तीन म्हणजे आणखी तपासण्या. सीडी५ आहे पण सीडी२३ नाही, असं दिसलं तर मँटल सेल लिम्फोमा डोक्यात यायलाच हवा. तो जास्त आक्रमक असतो आणि ११ व १४ क्रमांकाच्या क्रोमोसोममधला बदल शोधून पक्का करतात. सीडी१०३, सीडी२५ आणि सीडी११सी एकत्र आले तर हेअरी सेल. एकट्या एका सीडीवरून कधीच बोलू नका.

रिपोर्ट आला की आपली स्लाइड पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. जुळत नसेल तर पॅथॉलॉजिस्टना सांगा, ते तिकडे फोन करतील. असा फोन करणं हा कुणाचा अपमान नाही, पेशंटसाठी ते करायलाच हवं.

काउंटरवरचं बोलणं

"काय वो मॅडम, पेशी लई वाढल्यात म्हणं?" हा प्रश्न येणारच, बहुतेकदा मुलगा किंवा सून विचारते, आणि आजोबा बाकावर बसून ऐकत असतात. तिथे कॅन्सर हा शब्द आपण उच्चारायचा नाही, आणि 'काही नाही वो' असंही म्हणायचं नाही. "काका, पेशी वाढल्यात हे खरं हाय. कशामुळं ते या पुढच्या तपासणीत कळंल. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा, उशीर करू नका." एवढं पुरे, आणि हे बसून, त्यांच्याकडे बघून बोला. निदान झाल्यावर डॉक्टरांनी 'आत्ता औषध नको, तीन महिन्यांनी काउंट करा' असं सांगितलं, की घरचे पुन्हा तुमच्याकडेच येतात: डॉक्टरांनी हात टेकले का? नाही टेकले. सुरुवातीच्या टप्प्यातल्या सीएलएलमध्ये त्रास नसेल तर लक्ष ठेवून थांबणं हीच मान्य पद्धत आहे, आणि काहींना वर्षानुवर्षं औषध लागत नाही. एवढा धीर देण्याचा अधिकार तुम्हाला आहे, बाकीचं डॉक्टरांवर सोडा.

त्या दर तीन महिन्यांच्या सीबीसीत तुमचं काम पुन्हा सुरू होतं. लिम्फोसाइटची संख्या सहा महिन्यांच्या आत दुप्पट होतेय का, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट उतरतायत का, हे डॉक्टर बघतात. ३०,००० च्या खालून सुरुवात असेल तर नुसत्या दुपटीवर निर्णय घेत नाहीत, म्हणून जुने आकडे हाताशी लागतात. शक्यतो त्याच मशीनवर तपासा, लिम्फोसाइटची टक्केवारी न देता मूळ संख्या लिहा, आणि मागच्या तारखेचा आकडा त्याच कागदावर खाली उतरवून द्या.